सुरंगाळीच्या खाडीचं शेवाळ

“हिरड्यांतून रक्त येतंय हे तुम्हाला दिसलं, की बाईंनी स्वतः सांगितलं?” वकील धारपांनी विचारलं.

“मला दिसलं,” बाबा म्हणाले. “ती सांगणाऱ्यांतली नव्हती. सकाळी चूळ भरली की मोरीत लाल दिसायचं.”

“आणि हात थरथरायला लागले, ते त्याआधी की नंतर?”

“नंतर. कपबशी नुसती वाजायची हातात. पुढे पुढे तर सुईत दोरा ओवायला ती मुलीला हाक मारायची.”

धारपांनी मान हलवली. त्यांना कसली घाई नव्हती. घरच्या डॉक्टरनं खाटेशेजारी बसून विचारावं तसं ते विचारत होते, आणि बाबांना ते आवडत होतं. इतक्या वर्षांत आईच्या दुखण्याबद्दल कुणी इतकं नीट विचारलंच नव्हतं. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून ते एकेक गोष्ट आठवून आठवून सांगत होते. तोंडाला सारखी सुटणारी लाळ, उशीवरचे ओले डाग. हलायला लागलेले दात. चार माणसं घरात आली की आत जाऊन बसायची सवय, उगाच येणारं रडू. शेवटी अंगावर आलेली सूज आणि निकामी झालेली मूत्रपिंडं.

“सर, तुम्ही फार बारकाईनं सांगितलंत. आभारी आहे,” धारप म्हणाले.

बाबा साक्षीच्या खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन बसले. माझ्या मनगटावर बोटं ठेवून हळूच म्हणाले, “चांगलं झालं ना गं, मृदुला? सगळं लिहून घेतलं त्यांनी.”

मीही मान हलवली. चांगलं झालं असंच मला वाटत होतं.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. सुरंगाळीच्या खाडीतल्या पाण्याची चौकशी करायला सरकारनं तीन जणांची समिती नेमली होती. निवृत्त न्यायाधीश तिचे अध्यक्ष होते. तालुक्याच्या विश्रामगृहात बैठक भरली होती. एका बाजूला कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याची माणसं आणि त्यांचे वकील धारप, दुसऱ्या बाजूला आमच्या सुरंगाळीचे गाबीत मच्छीमार. त्यांच्यात सगळ्यांत पुढे सुंदराबाई तांडेल बसल्या होत्या आणि त्यांच्या खांद्याला टेकून त्यांचा मुलगा एकनाथ. एकनाथ तिशीचा. पूर्वी एकट्यानं होडी लोटायचा. आता त्याच्या पायांना जमीन कळत नव्हती, आणि बाजूला कुणी उभं राहिलं तर दिसायचं नाही. समोरचंच तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. गावात असे आणखी होते. सगळे खाडीचेच मासे खाणारे.

कारखाना सोडा बनवायला पारा वापरतो, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. तो पारा खाडीत गेला का, हा प्रश्न होता. कारखाना म्हणायचा, आमचं पाणी स्वच्छ आहे, खाडीत काही असलं तर ते पूर्वापार आहे. कारखाना यायच्या आधीचं खाडीचं पाणी कुणी बाटलीत भरून ठेवलेलं नव्हतं.

बाबांनी मात्र शेवाळ ठेवलं होतं.

माझे बाबा, वामन रेगे, सुरंगाळीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तरुणपणापासून त्यांना समुद्रशेवाळाचा नाद. ओहोटीला धोतर खोचून खडकांवर जायचे, हिरवं, तपकिरी, लालसर शेवाळ बादलीतून आणायचे. मोठ्या परातीत पाणी घेऊन त्यात ते तरंगू द्यायचे, खालून जाड कागद सरकवायचा, कुंचल्यानं एकेक फांदी मोकळी करायची आणि कागद अलगद वर उचलायचा. शेवाळ स्वतःच्याच चिकानं कागदाला धरून बसतं. वर फडकं, मग रद्दी, मग वजन. वाळल्यावर ते इतकं नाजूक दिसायचं की लोकांना ते चित्र वाटायचं. खाली तारीख आणि खडकाचं नाव.

जुने कागद कॉलेजच्या कपाटात होते. कारखाना आला त्याच सुमारास तिथली जागा संपली, तेव्हा बाबा नवे घरी ठेवायला लागले आणि त्यांची देखभाल आईकडे आली. ते पसरायचे, ती वाळवायची, जपायची. आई गेली त्या वर्षापासून बाबांनी एकही नवा कागद केला नाही.

मी मुंबईला एका संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होते. वाढताना शेवाळ पाण्यातले धातू अंगात साठवतं. म्हणजे बाबांचा एकेक कागद हा त्या त्या वर्षीच्या पाण्याचा साक्षीदार होता. प्रत्येक कागदावरून मसुरीच्या डाळीएवढा तुकडा मी कापून घेतला. बाबा शेजारी उभे होते आणि प्रत्येक कापाला डोळे मिटत होते. त्यांना मी तेव्हाच विचारलं होतं, “यांना काही लावलं होतं का? कीड लागू नये म्हणून?”

“डांबराच्या गोळ्या असायच्या. घरी ठेवलेल्या कागदांना स्पिरिटचा हात द्यायचो. बाकी काही नाही.”

स्पिरिट उडून जातं. मी पुढे गेले.

निकाल आला तेव्हा प्रयोगशाळेत मी उभीच राहिले. कारखाना सुरू होण्याआधीच्या कागदांत पारा जवळजवळ नव्हताच. कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षापासून आकडा भिंतीसारखा सरळ वर गेला. मी बाबांना फोन केला. त्यांनी आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाले, “म्हणजे इंदू त्यानंच गेली. रोज मासे असायचे गं तिच्या ताटात.”

आईचं दुखणं चौकशीत मांडायचं हे त्यांनीच ठरवलं. मी नको म्हटलं नाही, आणि तिची लक्षणं पुस्तकाशी ताडूनही पाहिली नाहीत. गाबीतवाडीतल्या बायका तर तेव्हापासून आईला आपल्यातलीच मानायला लागल्या. सुंदराबाई घरी येऊन आईच्या फोटोला हार घालून गेल्या.

त्या सकाळी आधी माझी साक्ष झाली होती. आलेख भिंतीवर लावला होता. अध्यक्षांनी चष्मा वर करून तो जवळून पाहिला होता आणि कारखान्याच्या बाकांवर कुजबुज झाली होती. मग बाबांची साक्ष. जेवणाच्या सुट्टीत सुंदराबाईंनी डब्यातली भाकरी बाबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “सर, तुमी आसास म्हणान आमी आसव.” बाबांनी ती भाकरी उभ्यानं, कोरडीच खाल्ली.

सुट्टीनंतर धारपांनी पुढचा साक्षीदार बोलावला. श्रीपाद आठल्ये.

आठल्येकाका. कारखान्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून ते सुरंगाळीत आले तेव्हा मी शाळेत जायलाही लागले नव्हते. गावात बोलायला माणूस मिळाला म्हणून ते रविवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचे. बाबांशी वाद घालायचे, आईच्या हातची सोलकढी दोनदा मागून घ्यायचे. आता ते निवृत्त झाले होते. पांढरा शर्ट, हातात काठी. बाबांकडे पाहून त्यांनी मान झुकवली. बाबांनीही झुकवली.

“रेगे सरांच्या घरी शेवाळाचे कागद ठेवलेले तुम्ही पाहिले होते?” धारपांनी विचारलं.

“अनेकदा.”

“त्यांना कीड लागत होती का?”

“लागायची. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात कसरीनं पुष्कळ खाल्ले. वामन फार हळहळला. म्हणून मी त्याला प्रयोगशाळेतून एक द्रावण करून दिलं. पुढेही देत राहिलो.”

“त्याला तुम्ही काय म्हणायचात?”

“औषधी स्पिरिट.”

“आणि त्यात काय असायचं?”

आठल्येकाकांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “स्पिरिटमध्ये विरघळवलेलं मर्क्युरिक क्लोराइड. वैद्य त्याला रसकापूर म्हणतात. मोठ्या संग्रहांतून तेच वापरायची पद्धत होती.”

मला समजायला जरासा वेळ लागला. स्पिरिट उडून गेलं होतं. पारा कागदावरच राहिला होता. भिंतीवरचा माझा आलेख, त्यातली ती सरळ वर गेलेली रेघ, खाडीची नव्हतीच. ती आठल्येकाकांच्या बाटलीची होती.

अध्यक्षांनी विचारलं, “कॉलेजातल्या जुन्या कागदांना हे लावलं होतं?”

“नाही. फक्त घरच्यांना.”

“म्हणजे जुन्यांत पारा नाही आणि नव्यांत आहे, याचं कारण हेच असू शकतं?”

“असू शकतं,” आठल्येकाका म्हणाले.

मच्छीमारांच्या बाजूला कुणालाच काही कळलं नव्हतं. सुंदराबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. बाबा मात्र ताठ बसले होते. त्यांना फक्त शेवाळ हातचं गेल्याचं कळलं होतं. धारप तिथे थांबले असते तर बरं झालं असतं.

“हे द्रावण कागदांना कोण लावायचं, आठल्ये?”

“वहिनी लावायच्या. दुपारी स्वयंपाकघरात बसून. कुंचल्यानं.”

“तुम्ही पाहिलंत?”

“हो.”

“धन्यवाद. मला मृदुला रेगे यांना पुन्हा एक-दोन प्रश्न विचारायचे आहेत.”

मी उठले. साक्षीच्या खुर्चीत जाऊन बसले. धारपांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

“मॅडम, तुम्ही या विषयातल्या तज्ज्ञ आहात. माशांतून पोटात जाणारा पारा आणि पाऱ्याचा क्षार, यांनी होणारं दुखणं एकच असतं का?”

“नाही.”

“माशांतल्या पाऱ्यानं काय होतं?”

“हातापायांची संवेदना जाते. तोल जातो. नजर आकसते.” मी एकनाथकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, पण मी त्याच्या नळीत मावत होते की नाही कोण जाणे.

“आणि पाऱ्याचा क्षार वर्षानुवर्षं उघड्या हातांना लागत राहिला, त्या हातांनी माणूस जेवत राहिला, तर?”

मी पेला उचलला आणि तसाच परत ठेवला.

“मॅडम, आपण शपथेवर आहात.”

समोर बाबा होते. ते माझ्याकडे, परीक्षेत मुलीनं बरोबर उत्तर द्यावं अशा नजरेनं पाहत होते. त्यांना अजून कळलं नव्हतं. खरंच कळलं नव्हतं.

“हिरड्यांतून रक्त येतं,” मी म्हणाले.

“आणखी?”

“हाताला कंप सुटतो. तोंडाला लाळ सुटते. दात हलतात.” माझा आवाज मलाच दुरून येत होता. “माणूस बुजतो. चार लोकांत यायचं टाळतो. शेवटी मूत्रपिंडं जातात.”

“हे सगळं आज सकाळी या खोलीत आपण कुणाबद्दल ऐकलं?”

“पुरे,” अध्यक्ष म्हणाले.

धारप लगेच थांबले. त्यांनी वाकून नमस्कारही केला. आपल्या कामाचं त्यांना आणखी काही नको होतं.

बाबांचे ओठ हलत होते. एकेक लक्षण ते मनाशी परत म्हणत होते, सकाळी स्वतःच सांगितलेलं. मग त्यांनी मागे वळून आठल्येकाकांना विचारलं, भर सभेत, अगदी साध्या आवाजात, “श्रीपाद, ते स्पिरिट होतं ना रे?”



बाहेर व्हरांड्यात मी मच्छीमारांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. हे शेवाळ गेलं तरी खाडीत पारा नाही असं सिद्ध होत नाही, दुसऱ्या तपासण्या करता येतील, मी करीन. कुणी ऐकत नव्हतं. त्यांनी समितीसमोर दुसरं काही आणलंच नव्हतं. आमच्या कागदांच्या भरवशावर बाकी सगळं सोडून दिलं होतं.

सुंदराबाई गर्दीतून वाट काढत बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या त्यांचा हात धरतील.

“तुमच्या बायलेक तुमीच मारलास, सर,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. “आणि आता माज्या झिलाक पण.”

बाबांनी हात जोडले. त्या तशाच उभ्या होत्या. मग एका हातानं एकनाथला कंबरेत धरून त्या पायऱ्या उतरायला लागल्या. त्याला पायरी कळत नव्हती, म्हणून त्या त्याचा प्रत्येक पाय दुसऱ्या हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवत होत्या. बाबा मदतीला पुढे झाले, तेव्हा एका बाईनं आडवा हात घातला.

आठ-दहा दिवसांनी आठल्येकाका घरी आले. मी दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. आतून बाबा म्हणाले, “येऊ दे त्याला. चहा टाक.”

मी चहा टाकला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

“मला बोलावणं आलं होतं, वामन. खोटं बोलायला हवं होतं का मी?”

“नाही,” बाबा म्हणाले. “मला एवढंच सांग. ती ते लावताना तू पाहायचास. हात लावू नका, असं तिला एकदा तरी म्हणाला होतास?”

आठल्येकाकांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. “म्हणणार होतो. एकदा तर तोंडावर आलं होतं. पण मग वहिनींनी विचारलं असतं, का म्हणून. आणि पारा हा शब्द कारखान्याबाहेर काढायचा नाही, असा वरून हुकूम होता. आमच्या सगळ्यांना. त्या दिवसांत मासे मरायला लागले होते खाडीत. मी तुझ्या घरात पारा म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी कॉलेजात म्हटला असतास.”

“मासे मरत होते?” मी विचारलं. “तुम्ही पाहिलं होतंत? मग हे परवा का नाही सांगितलंत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी नाकारत नाही. “निवृत्त झालो तरी राहतो कारखान्याच्याच घरात, मृदुला. तुझ्या काकूचं औषधपाणी तेच बघतात.”

“मग हे समितीला लिहून द्या. आत्ता.”

“ते होणार नाही.”

ते उठले. बाबा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मला तेव्हा त्याचा इतका संताप आला की मी त्यांच्या मागे गेले नाही. परत आल्यावर बाबा म्हणाले, “गुडघे गेलेत त्याचे. उतारावर पडेल म्हणून गेलो.”

त्यानंतर एका सकाळी ते घरचे सगळे कागद अंगणात आणायला लागले. जाळून टाकायचे म्हणाले.

“जाळता नाही येणार, बाबा. पाऱ्याची वाफ होईल. सगळ्या आळीच्या छातीत जाईल.”

“मग पुरून टाकू. मागच्या आवारात.”

“विहीर आहे तिथे.”

हातातला गठ्ठा घेऊन ते तसेच उभे राहिले. वरच्याच कागदावर लाल शेवाळाची एक फांदी होती, केसासारखी बारीक, एकही टोक न तुटलेली. मग त्यांनी सगळे गठ्ठे मागच्या खोलीत नेऊन ठेवले आणि कडी लावली. पुढे कितीतरी वर्षं ते तिथेच होते. बाबा शेजारच्या खोलीत झोपायचे.

समितीनं कारखान्याला दोष देता येत नाही असं म्हटलं. मी माझ्या संस्थेत पुन्हा तपासणीचा प्रस्ताव ठेवला. माझ्या पहिल्या आलेखाचं नाव काढून लोक हसले आणि तो तिथेच पडला. एकनाथ दोन पावसाळ्यांनी गेला. मी भेटायला गेले तेव्हा सुंदराबाईंनी दार लावून घेतलं. पुढे परगावची काही मंडळी येऊन त्यांनी खाडीच्या तळाचा गाळ नळ्या खुपसून वर काढला, थरावर थर. कारखान्याच्या वर्षांच्या थरांत पारा सापडला, भरपूर. तोवर कारखाना बंद होऊन जमीन विकली गेली होती. आठल्येकाका अंथरुणात, नातवंडांच्या घोळक्यात, शांतपणे गेले होते. मी तो अहवाल बाबांना वाचून दाखवला. “म्हणजे गाबीतवाडीतली माणसं खरं बोलत होती,” ते म्हणाले, आणि आईबद्दल काहीच म्हणाले नाहीत. तिच्याबद्दल त्या अहवालात काही नव्हतंच.

शेवटी मी खूप खटपट करून घातक कचरा नेणारी गाडी मिळवली. दोन माणसं आली. तोंडाला जाड मुखपट्ट्या, कोपरापर्यंत हिरवे रबरी हातमोजे. मागच्या खोलीची कडी काढून ते एकेक गठ्ठा उचलायचे आणि पिवळ्या पिंपात टाकायचे. बाबा तेव्हा पार थकले होते. तरी काठी टेकत दारापर्यंत आले.

“आजोबा, जवळ येऊ नका,” त्यांतला एक म्हणाला. “याला उघडा हात लावायचा नसतो.”

बाबा थांबले. त्याच्या हातांकडे पाहत राहिले. कागद गेले, पिंपांना झाकणं लागली, माणसं गाडीत चढायला निघाली, तेव्हा त्यांनी त्याला हाक मारली.

“ते हातमोजे,” बाबा म्हणाले, “मिळतात कुठे?”

“हे होय? कुठेही मिळतात, आजोबा. वाण्याकडेसुद्धा.”